नव्या मशीनवर पुन्हा विंडोज सेव्हन टाकू का?

शाईचं बोट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कराडला आमचं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं मांडून द्यायचं, छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या स्मरणिका, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत आमचं शटर रात्री बाराच्या आत पडत नाही. वर्षाची निम्मी कमाई त्यातच होते.

इतकी वर्षं सगळं काम एकाच मशीनवर चाललं: विंडोज सेव्हन ३२ बिट, पानं मांडायचं पेजमेकर ७, आणि मराठी फॉन्टचं एक जुनं सॉफ्टवेअर, ज्याला यूएसबीचा डोंगल (परवान्याची किल्ली) लागतो. डोंगल काढला तरी फॉन्ट दिसतात, छापतात. पण कीबोर्डवरून मराठी उमटत नाही. दिवाळीनंतर मशीन चालता चालता बंद पडायला लागलं. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलला, रॅम काढून खोडरबरने पुसून बसवली, चार दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. शेवटी नवीन घेतलं. बाराव्या पिढीचा आय-थ्री, एसएसडी, विंडोज ११.

नव्यावर पेजमेकर उघडतो. जुन्या फाइली उघडतात. फक्त डोंगलचा ड्रायव्हर काही केल्या बसत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, ते म्हणाले ही आवृत्ती बंद झाली, नवी घ्या. पैशाचं एक वेळ जमवेन. पण नवीचे फॉन्ट वेगळ्या मापाचे, म्हणजे जुन्या फाइलीतली ओळ न् ओळ हलणार. नुसत्या अहवालांच्याच तीनशेवर फाइली आहेत. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, अध्यक्षांचं मनोगत बदलायचं, ताळेबंदाचे आकडे बदलायचे, बटर पेपरवर उलटी प्रिंट काढून प्रेसला द्यायची, असं आमचं काम.

मुलगा म्हणतो, बाबा, नव्या मशीनवर सेव्हनच टाकू, कटकट मिटेल. माझं मनही तिकडेच झुकलंय. सेव्हनचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला हे ठाऊक आहे. पण आम्हाला नेट लागतं कितीसं? प्रूफ व्हॉट्सॲपवर धाडण्यापुरतं. असं मागे गेलेलं कोणी आहे का इथे? लग्नसराई सुरू आहे, लवकर ठरवायचंय.

दुरुस्तीवाला

दादा, नव्या मशीनची डिस्क फॉरमॅट करू नका. आधी हे वाचा.

बाराव्या पिढीच्या बोर्डावर सेव्हन टाकायला बसलात तर पहिल्याच पडद्यावर अडकाल. सेव्हनच्या मूळ डीव्हीडीत यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून बोर्डांवरची जुनी यूएसबीची सोय गेली, त्यामुळे भाषा निवडायचा पडदा येतो, बाण मधोमध दिसतो आणि माउस हलवला तरी तो हलत नाही. कीबोर्डही मेलेला. बाहेरून ड्रायव्हर घुसवून ती डीव्हीडी नव्याने बनवली, तर पुढे एनव्हीएमई (नव्या धर्तीची एसएसडी) डिस्क दिसत नाही, तिच्यासाठी आणखी एक पॅच, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ. तोही बसवला तर जुन्या पद्धतीची बायोस (मशीन सुरू करणारी बोर्डावरची प्रणाली) लागते, जी नव्या बोर्डांवर बहुतेकदा नसतेच. गेल्या पावसाळ्यात एका वकिलांच्या हट्टापायी मी यात दोन दिवस घातले आहेत. सेव्हन कसंबसं चढलं, पण स्क्रीनचं रिझोल्यूशन शेवटपर्यंत जमलं नाही.

आता मुख्य मुद्दा. तुमचा अडसर सेव्हन की अकरा हा नाही, ३२ बिट की ६४ बिट हा आहे. पेजमेकरसारखा ३२ बिटांचा साधा प्रोग्राम ६४ बिटांच्या विंडोजवर चालतो, म्हणून तो तुम्हाला उघडून मिळाला. ड्रायव्हर मात्र विंडोजच्या पार गाभ्यात जाऊन बसतो. ६४ बिटांच्या विंडोजला तो ६४ बिटांचाच आणि सही केलेलाच लागतो. तुमच्या डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटांचा असणार. म्हणजे सेव्हनची ६४ बिट आवृत्ती टाकलीत तरी हेच रडगाणं. विंडोज १० पर्यंत ३२ बिट आवृत्ती मिळत होती, ११ ची ती निघालीच नाही.

मी तुमच्या जागी असतो तर ११ तसंच ठेवलं असतं आणि त्याच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स (संगणकात दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून जुनं सेव्हन एका खिडकीत चालवलं असतं. आतल्या सेव्हनला खोटं हार्डवेअर दिसतं, त्याच्या ओळखीचं. डोंगल यूएसबीतून थेट आत जोडता येतो.

कृष्णाकाठ

माझं मत जरा वेगळं आहे. आमच्या प्रेसमध्ये एक्सपीचं मशीन आजही सुरू आहे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्याला किती वर्षं झाली मोजा. त्यावर एक जुनी कटिंग मशीन जोडलेली आहे, तिचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही. नेटची वायर कधीच काढून टाकली. रोज सकाळी सुरू होतं, संध्याकाळी बंद होतं. त्याने आम्हाला आजवर दगा दिलेला नाही.

जी गोष्ट पोट भरते ती जुनी आहे एवढ्यासाठी टाकून द्यायची, हे मला पटत नाही. बोटदादांनी नव्या मशीनच्या फंदात न पडता चौथ्या-पाचव्या पिढीचं एखादं जुनं मशीन घ्यावं. बाजारात स्वस्त मिळतं, त्यावर सेव्हन ३२ बिट मुकाट बसतं. नवीन मशीन नेटला आणि बिलांना ठेवा, जुनं कामाला.

दुरुस्तीवाला

कृष्णाकाठदादा, हा मार्गही चुकीचा नाही. दोन मशीन ठेवायला जागा असेल तर चालेल. फक्त जुन्या बोर्डांचे कपॅसिटर फुगतात आणि सुट्टे भाग मिळवण्यात आठवडा जातो. अहवालाच्या दिवसांत तो आठवडा कुठून आणायचा?

पहारेकरी

मी बँकेच्या आयटी विभागात होतो, म्हणून लिहितो. "नेट काढलं की झालं" हे वाक्य मी फार ऐकलंय.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस आलं तेव्हा आम्ही सलग तीन रात्री ऑफिसात होतो. त्याचा पॅच मार्चमध्येच निघाला होता, दोन महिने आधी. ज्यांनी तो टाकला नव्हता ते सापडले आणि त्यांत सर्वांत जास्त मशीन विंडोज सेव्हनची होती. एक्सपीचा आधार संपून तीन वर्षं झाली होती, तरी मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही तातडीने पॅच काढला, इतकं ते गंभीर होतं. सेव्हनला तेव्हा आधार होता म्हणून पॅच होता तरी. पैसे मोजून मिळणारे वाढीव अपडेटही १० जानेवारी २०२३ ला संपले.

आणि डीटीपीच्या दुकानात नेटपेक्षा पेन ड्राइव्हची भीती मोठी. गिऱ्हाईक मॅटर कशात आणतं? पेन ड्राइव्हमध्ये. तो त्याआधी सायबर कॅफेत, शाळेच्या लॅबमध्ये, ग्रामपंचायतीत फिरून आलेला असतो. २०१० मध्ये उघडकीला आलेलं स्टक्सनेट नावाचं व्हायरस नेटपासून तोडलेल्या मशीनमध्येही पेन ड्राइव्हच्या वाटेने शिरू शकत होतं. कृष्णाकाठदादांच्या कटिंग मशीनवर बाहेरचं कोणी काही आणत नाही, म्हणून ते टिकलंय. बोटदादांकडे दिवसाला दहा माणसं येतात.

व्हॉट्सॲपपुरतं नेट म्हणालात, त्याचंही ऐका. क्रोमची १०९ ही सेव्हनवर चालणारी शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ ची. त्यानंतर तिथे ब्राउझरच म्हातारा होत जातो.

निवांत

धाग्यात घुसतो, माफ करा. माझा प्रश्न लहान आहे. मी निवृत्त, वय ७१. लॅपटॉपवर दहा होतं, भाच्याने मागच्या आठवड्यात अकरा करून दिलं. सगळं चालतंय, पण हाताला सवय दहाची. स्टार्ट मधोमध गेलं, राइट क्लिक केलं की नेहमीची यादी येत नाही. परत दहावर जाता येतं का? की आता उशीर झाला?

दुरुस्तीवाला

काका, उशीर झालेला नाही, पण दिवस मोजा. अपग्रेड केल्यापासून १० दिवस परतीची वाट खुली असते. सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात रिकव्हरी, त्यात गो बॅक. जुनं विंडोज त्या काळात डिस्कवर विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये पडून असतं. जागा रिकामी करायच्या नादात ते पुसलंत तर वाट बंद. कागदपत्रं, फोटो राहतात, पण मधल्या दिवसांत टाकलेले प्रोग्राम जातात. तरीही फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर घ्याच.

पण मी जा म्हणणार नाही. दहाचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षेचे वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील असं जाहीर झालंय, त्याला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. म्हणजे एवढी खटपट करून पुन्हा इथेच यायचं. त्यापेक्षा टास्कबारच्या सेटिंगमध्ये अलाइनमेंट लेफ्ट करा, स्टार्ट कोपऱ्यात येईल. आणि शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, जुनी यादी जशीच्या तशी येते.

निवांत

शिफ्टचं करून पाहिलं. आली! स्टार्टही जागेवर आलं. मी अकरावरच थांबतो. फार आभार, मुलांनो. आता मूळ चर्चा चालू द्या.

वेलांटी

बोटदादा, मी मुद्रितशोधन करते, आणि गेली सहा वर्षं जुन्या फॉन्टमधलं मॅटर युनिकोडमध्ये (प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) आणायचं कामही करते. मला वाटतं आपण सगळे विंडोजविषयी बोलतोय आणि डोंगल विसरतोय.

सेव्हन नव्या मशीनवर टाका, जुन्यावर टाका, खिडकीत चालवा. डोंगल तुमच्याकडे एकच आहे. त्याची निर्मिती बंद. तो कधी पडेल, कधी त्याच्या पिना झिजतील, सांगता येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका टायपिंगवाल्या काकूंचा डोंगल सीपीयूच्या मागे लावलेला होता. झाडू मारताना टेबल सरकलं, भिंतीला टेकून तो मधोमध वाकला. त्या दिवसापासून त्यांच्या पंचवीस वर्षांच्या फाइली फक्त बघण्यापुरत्या उरल्या. दुरुस्ती करायची तर अक्षर उमटत नाही. त्या फाइलींसमोर बसून रडल्या होत्या, मी पाहिलंय.

यामागचं कारण सगळ्यांसाठी लिहिते. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं मुळात नाहीतच. आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आहेत, वर चित्र मराठीचं. पेजमेकर ७ हा २००१ चा, त्याला युनिकोड कळत नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ पासून आहे, पण आपली छपाई पुढची कित्येक वर्षं या चित्रांवरच चालली, कारण छापलेलं सुंदर दिसत होतं आणि ते खरंच सुंदर होतं. त्या फॉन्टच्या जोडाक्षरांची बांधणी आजही मला आवडते.

तेव्हा परत जाण्याला माझा विरोध नाही. दुरुस्तीवाले म्हणतात तसं खिडकीतलं सेव्हन कराच. पण त्याने तुम्हाला वेळ मिळेल, एवढंच. त्या वेळात फाइली सोडवून घ्या.

शाईचं बोट

वेलांटीताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून पहिल्यांदा डोंगल मागून काढून पुढच्या पोर्टला एका छोट्या वायरवर लावला आणि वायर टेबलाच्या आत चिकटवली.

पण तीनशे फाइली सोडवायच्या कशा? मी एकदा एक कन्व्हर्टर वापरून पाहिला होता. "कार्यकारिणी" या शब्दाचा त्याने असा काही चेंदामेंदा केला की मी नाद सोडला.

वेलांटी

"कार्यकारिणी" हीच खरी परीक्षा. त्यात रफार आहे आणि पहिली वेलांटीही आहे. जुन्या फॉन्टमध्ये आपण जसं दिसतं तसं टाइप करतो: वेलांटी आधी, मग र. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे: आधी र, मग वेलांटी. रफाराचं उलट. जुन्यात य झाल्यावर वर रफार टेकवायचा, युनिकोडमध्ये र्‌ आधी, य नंतर. कन्व्हर्टरला ही उलटापालट जमली तरच शब्द जुळतो. "स्थिती"त आणखी पेच: पहिल्या वेलांटीने अर्धा स ओलांडून थ च्या मागे जाऊन बसायचं. आणि "दुसऱ्या"तला ऱ्य तपासाच, तो "दुसर्या" होऊन बसतो आणि घाईत डोळ्याला दिसत नाही.

मी करते ते असं. प्रत्येक फॉन्टकुळाचा नकाशा वेगळा असतो, म्हणून आधी तुमच्या फॉन्टचाच कन्व्हर्टर शोधायचा. मग एकच पान बदलून कागदावर छापायचं आणि मूळ पानाशेजारी ठेवून वाचायचं, स्क्रीनवर नाही. चुका ठरावीक असतात, पंधरा-वीस. त्यांची शोधा-बदला यादी एकदा झाली की पुढच्या फाइली भराभर होतात. आकड्यांचे तक्ते मात्र बदलू नका, नव्याने भरा. ताळेबंदातला एक आकडा सरकला तर संस्थेच्या सभेत आपल्या नावाने शंख होतो.

आणि तीनशे फाइली करू नका. ज्या संस्था दर वर्षी येतात तेवढ्याच. बाकीच्यांची खिडकीतल्या सेव्हनमधून पीडीएफ काढून ठेवा.

कृष्णाकाठ

ताई, मांडणी कशात करायची? पेजमेकर गेला तर हात तुटल्यासारखं होतं.

वेलांटी

मी इनडिझाइन वापरते. त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं तुटतात. एक लक्षात ठेवा, इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडत, नंतरच्या उघडत नाहीत. पैसे घालायचे नसतील तर स्क्रायबस फुकट आहे, त्याच्या १.६ मध्ये देवनागरी नीट बसते. फॉन्टसाठी मुक्ता किंवा नोटो घेऊन सुरुवात करा. हात बसायला महिना जातो, माझाही गेला.

शाईचं बोट

नऊ दिवसांनी लिहितोय. सगळं सविस्तर सांगतो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

जुनं मशीन उघडं केलं, बाजूला टेबल फॅन लावला. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं डिस्क-टू-व्हीएचडी चालवलं. ते चालू विंडोजची आहे तशी प्रत एका फाइलीत काढतं. पहिल्या वेळी निम्म्यावर मशीन बंद पडलं. दुसऱ्यांदा पहाटे गारव्यात चार वाजता लावलं, साडेसहाला पूर्ण झालं. मी आणि मुलगा दोघेही समोर बसून होतो.

नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती फाइल जोडली तर निळा पडदा. दुरुस्तीवाल्यांना फोटो पाठवला, ते म्हणाले डिस्क साटाखाली जोडलीय, आयडीईखाली जोडा (डिस्क जोडायच्या या दोन पद्धती), तुमच्या जुन्या बोर्डात तसं होतं. जोडली. विंडोजचे चार रंग गोळा होऊन आले आणि आमचं तेच जुनं डेस्कटॉप, गणपतीच्या फोटोसकट. सेव्हनची प्रत आम्ही पेटीबंद घेतलेली होती, बिल फाइलला आहे, त्यामुळे पुन्हा ॲक्टिव्हेट करून घेताना अडचण आली नाही.

मग यूएसबीच्या यादीत डोंगलवर टिक केली. त्याचा हिरवा दिवा एकदा विझून लागला. पेजमेकर उघडला, "श्री" टाइप केलं आणि उमटलं. काल एक लग्नपत्रिका तिथूनच गेली. बटरची प्रिंट जुन्या प्रिंटशी उजेडात धरून ताडून पाहिली, एकही ओळ हललेली नाही.

पहारेकरीदादा, खिडकीतल्या सेव्हनचं नेटवर्क बंद केलंय. पेन ड्राइव्ह आधी अकरामध्ये तपासायचा, मग लागेल तेवढंच मॅटर एका सामायिक फोल्डरमधून आत, असा नियम भिंतीवर लिहून लावलाय.

पहारेकरी

उत्तम. एकच भर. ती सेव्हनची पूर्ण फाइल एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घरी ठेवा, दुकानात नको. उद्या काही शिरलंच तर खिडकी पुसून ती प्रत लावायची, तासाभरात काम सुरू.

दुरुस्तीवाला

आणि आतल्या सेव्हनमध्ये प्रिंटरचा ड्रायव्हर जुनाच ठेवा दादा. पेजमेकर प्रिंटर बघून मजकूर बसवतो. ड्रायव्हर बदलला तर ओळी हलू शकतात, मग दोष फॉन्टला लागेल.

शाईचं बोट

दोन्ही करतो. प्रत आजच घरी नेतो.

वेलांटीताई, यादी काढली. दर वर्षी येणाऱ्या संस्था मोजल्या तर एकतीस निघाल्या. मला वाटत होतं शंभर तरी असतील. पहिली फाइल आमच्याच गल्लीतल्या पतसंस्थेची घेतली, सोळा पानं. "कार्यकारिणी" यंदा नीट आली, "दुसऱ्या" तीन ठिकाणी बिघडला होता, तो शोधा-बदलात घेतला. "अहवाल काळातील" मधला ळ का कोण जाणे ल होऊन येतोय, असं आधी वाटलं, मग कळलं मूळ फाइलीतच "काळातील" च्या जागी "कालातील" अशी चूक दोन वर्षांपूर्वी मी केली होती आणि कोणाच्या लक्षात आली नव्हती. ती सुधारली.

तक्ते मुलगा भरतोय. मी मोठ्याने आकडे वाचतो, तो टाइप करतो. आठवड्याला दोन फाइली धरल्या तर जूनच्या आत एकतीस होतील.